वाचकांचे प्रश्न : लिनक्स, वायफाय आणि आवाज

लॅपटॉपवर लिनक्स बसवल्यानंतर बाकी सारे सुरळीत चालते, पण वायफाय दिसत नाही किंवा स्पीकरमधून आवाज येत नाही, अशी पत्रे या सदराकडे सतत येत असतात. या वेळचे सदर म्हणून पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. उत्तरांतल्या कमांड देवनागरीत छापल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकायच्या आहेत. उच्चारावरून स्पेलिंग कळणे अवघड आहे तेथे अक्षरे सुटी करून दिली आहेत.

प्रश्न : मी नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले. स्क्रीन, टचपॅड, कॅमेरा व्यवस्थित चालतात. परंतु वायफायचे चिन्हच कोठे दिसत नाही. लॅपटॉपला नेटवर्क केबलचे सॉकेट नाही, त्यामुळे ड्रायव्हर उतरवून घ्यायलाही नेट नाही. विंडोजमध्ये हेच वायफाय चालत होते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आधी नेटची सोय करून घ्या. स्मार्टफोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो फोन केबलच्या जोडणीसारखा दिसतो आणि त्याला लागणारा ड्रायव्हर बहुतेक सर्व डिस्ट्रोंच्या (उबंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या आवृत्त्यांच्या) कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, आधीपासून असतो. केबल मात्र डेटा नेणारी हवी. फक्त चार्जिंगच्या केबलने फोन चार्ज होत राहील आणि टेदरिंगचा पर्याय दिसणारच नाही.

यानंतर काहीही बसवण्याआधी चिप कोणती आहे ते पाहा. लॅपटॉपच्या मॉडेलचे नाव येथे फारसे कामाचे नाही, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या वायफाय चिप बसवलेल्या आढळतात. टर्मिनलमध्ये 'एल-एस-पी-सी-आय' टंकून एक जागा सोडा, डॅश देऊन 'एन-एन-के' टंका आणि एंटर दाबा. येणाऱ्या लांबलचक यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' असे लिहिलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात चार अक्षरे, विसर्गासारखे चिन्ह आणि पुन्हा चार अक्षरे असतात. पहिली चार अक्षरे कंपनीची ओळख सांगतात : ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. पुढची चार अक्षरे नेमकी चिप सांगतात. ८०८६ नंतर २७२३ दिसले, तर ती इंटेलची एएक्स२०० होय. कोणालाही मदत मागताना ही आठ अक्षरे आधी सांगावीत. त्यांच्याशिवाय मिळालेला सल्ला हा केवळ अंदाज असतो.

त्याच ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का, ते पाहा, कारण पुढचा सारा मार्ग या एका ओळीवर ठरतो. ती ओळ असेल, तर कर्नलने चिप ओळखून ड्रायव्हर लावला आहे आणि अडचण बहुधा फर्मवेअरची किंवा बंद स्विचची आहे. ओळ नसेल, तर तुमच्या कर्नलला ती चिप ठाऊक नाही किंवा तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागणार आहे.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे तुमच्या प्रोसेसरवर चालतो; फर्मवेअर वायफायच्या चिपवर चालते, आणि लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर ती फाइल डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरतो. इंटेलचा वायफाय ड्रायव्हर मुक्त परवान्याचा असून तो थेट कर्नलमध्येच आहे, पण त्याचे फर्मवेअर बंदिस्त आहे आणि ते वेगळ्या पॅकेजमधून येते. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असे बंदिस्त फर्मवेअर पूर्वी नसे आणि त्यामुळे अनेकांची पहिलीच पायरी चुकत असे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच दिले जाते. म्हणून डेबियनची जुनी प्रत घेऊन बसला असाल, तर नवी घ्या. पॅकेज शोधत बसण्यापेक्षा ते सोपे पडते.

फर्मवेअर सापडले की नाही, हे कर्नलच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेले असते. 'सुडो' (पुढची कमांड प्रशासकाच्या हक्काने चालवणारा शब्द) टंकून एक जागा सोडा आणि 'डी-एम-ई-एस-जी' ही कमांड द्या. इंटेलच्या चिपसाठी 'आयडब्ल्यूएलवायफाय' या नावाने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' या शब्दांनंतर फाइलचे नाव आणि शेवटी 'फेल्ड विथ एरर -२' असे दिसले, तर त्या नावाची फाइल डिस्कवर नाही, एवढाच उणे दोनचा अर्थ. पण अशी एखादी ओळ दिसताच घाबरू नये. हा ड्रायव्हर सर्वांत नव्या आवृत्तीपासून सुरुवात करून एकेक पायरी जुन्या आवृत्तीकडे उतरत जातो, त्यामुळे उणे दोनच्या तीन-चार ओळींनंतर 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी ओळ आली, तर सारे ठीक आहे आणि दोष दुसरीकडे शोधायला हवा. 'नो सूटेबल फर्मवेअर फाउंड' अशी ओळ आली तरच फर्मवेअरचे पॅकेज बसवा. उबंटूत त्याचे नाव 'लिनक्स-फर्मवेअर', तर डेबियनमध्ये इंटेलसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' असे आहे.

ड्रायव्हरची ओळच नसेल, तर आधी कर्नलची आवृत्ती पाहा; 'यू-एन-ए-एम-ई' कमांडपुढे डॅश आणि 'आर' दिले की ती कळते. चिप नवी आणि कर्नल जुना, ही नव्या लॅपटॉपवरची सर्वांत नेहमीची अडचण आहे. इंटेलची एएक्स२०० कर्नल ५.१ पासून, तर एएक्स२१० कर्नल ५.१० पासून चालते. मीडियाटेकची एमटी७९२१ कर्नल ५.१२ पासून चालते. रिअलटेकच्या अनेक नव्या चिपांसाठीचा आरटीडब्ल्यू८९ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.१६ पासून आहे. त्यामुळे जुन्या, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला चिकटून राहून कोठून तरी उतरवलेला ड्रायव्हर स्वतः कंपाइल करण्यापेक्षा डिस्ट्रोची नवी आवृत्ती घेणे किंवा तिच्याच भांडारातला नवा कर्नल बसवणे केव्हाही चांगले. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना मात्र कंपनीचा बंदिस्त 'डब्ल्यूएल' ड्रायव्हरच लागतो. तो उबंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' या खिडकीतून एका टिचकीत बसतो. फेडोरासाठी आरपीएम फ्यूजन हे भांडार आधी जोडावे लागते.

एक इशारा. शोध घेताना तुम्हाला 'एनडिसरॅपर' वापरून विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवण्याचे सल्ले सापडतील. ते विंडोज एक्सपीच्या काळचे आहेत. आजच्या लॅपटॉपवर त्यांचा काहीही उपयोग नाही. असा सल्ला दिसला की तो लेखच मिटवून टाकावा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर वायफायचे चिन्ह दिसते, पण 'हार्डवेअर स्विचने बंद' असे म्हणते. लॅपटॉपवर असा कोणताही स्विच मला सापडत नाही. सेटिंगमधले बटण सरकवले तर ते लगेच मागे येते.

उत्तर : 'आर-एफ-के-आय-एल-एल' ही कमांड टंकून तिच्यापुढे 'लिस्ट' लिहा. प्रत्येक रेडिओसाठी दोन ओळी दिसतील : 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड'. पहिलीपुढे 'येस' असेल, तर प्रणालीनेच रेडिओ बंद ठेवला आहे. त्याच कमांडपुढे 'अनब्लॉक वायफाय' लिहिले की तो मोकळा होतो. दुसरीपुढे 'येस' असेल, तर तो अडथळा खालून, म्हणजे हार्डवेअर किंवा बायोसकडून आलेला असतो आणि कोणत्याही कमांडने थेट हटत नाही. तुमचे बटण मागे येते ते याचमुळे.

विमानाचे चित्र असलेली फंक्शन की एकदा दाबून पाहा. मग बायोसमध्ये जाऊन वायरलेस बंद केलेले नाही याची खात्री करा. तेथेही सारे ठीक असेल, तर रेडिओंची यादी पुन्हा नीट वाचा. वायफाय चिपची नोंद 'फाय०' अशा नावाने येते. तिच्या जोडीला लॅपटॉपच्या मालिकेच्या नावाची आणखी एक नोंद असेल आणि 'हार्ड ब्लॉक्ड' फक्त त्या दुसऱ्या नोंदीपुढे असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. विशिष्ट मालिकांच्या लॅपटॉपांसाठी कर्नलमध्ये लहान मॉड्यूल, म्हणजे जोडता-काढता येणारे भाग, असतात. ज्या मॉडेलला स्विचच नाही त्या मॉडेलवरही काही वेळा असे मॉड्यूल स्विच बंद असल्याचे सांगते. 'आयडियापॅड_लॅपटॉप' हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. 'सुडो मॉडप्रोब' या कमांडपुढे डॅश, 'आर' आणि मॉड्यूलचे नाव देऊन ते तात्पुरते काढा. वायफाय सुरू झाले, तर निदान बरोबर. मग ते मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे आपोआप न लावायच्या मॉड्यूलांच्या यादीत, घाला. त्याने काही फंक्शन की काम करेनाशा होतील, ही किंमत मोजावी लागते.

विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर असतील, तर आणखी एक कारण तपासायलाच हवे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल, तर 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिचा गाभा डिस्कवर निजवून ठेवला जातो. अशा अवस्थेतून लिनक्स सुरू केल्यास वायफाय कार्ड कधीकधी नीट जागे होत नाही. विंडोजमधून 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये आल्यावर वायफाय चालत असेल आणि 'शट डाउन' करून आल्यावर चालत नसेल, तर दोष येथेच आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करा.

प्रश्न : ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर कोणत्याही चुकीशिवाय बसला, तरी वायफाय सुरू होत नाही. मॉड्यूल लावायला गेल्यास 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश येतो.

उत्तर : तुमच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट सुरू आहे. अशा वेळी कर्नल फक्त विश्वासातल्या किल्लीने सही केलेले मॉड्यूल स्वीकारतो. डिस्ट्रोच्या कर्नलसोबत येणाऱ्या मॉड्यूलांवर तशी सही असते. तुमच्या लॅपटॉपवर तयार झालेल्या मॉड्यूलावर तुमच्याच लॅपटॉपवर बनलेल्या किल्लीची सही असते, आणि ती किल्ली लॅपटॉपच्या स्वतःच्या फर्मवेअरकडे नोंदवलेली नसेल तर मॉड्यूल नाकारले जाते. उबंटू ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगते, तो याच नोंदणीसाठी. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येतो आणि कोणतीही की दाबण्यासाठी सुमारे दहा सेकंद मिळतात. बहुतेक जण येथेच चुकतात : पडदा आपोआप जाईल म्हणून वाट पाहतात, तो जातोही, आणि नोंदणी राहून जाते. की दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, होकार द्या, आधी ठरवलेला पासवर्ड टंका आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. हा पासवर्ड एकदाच लागतो. सिक्युअर बूट बंद करूनही काम भागते, पण नोंदणी करणे अधिक योग्य.

अशा बाहेरच्या ड्रायव्हरची दुसरी खोड आताच सांगून ठेवतो. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी त्या कर्नलचे हेडर पॅकेज लागते. अपडेटनंतर वायफाय अचानक गेले, तर सुरुवातीच्या ग्रब मेन्यूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल निवडा. त्यात वायफाय चालेल आणि निवांतपणे दुरुस्ती करता येईल.

प्रश्न : आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरऐवजी फक्त 'डमी आउटपुट' असे दिसते. यूट्यूबवरच्या सूचनांप्रमाणे पल्सऑडिओ काढून पुन्हा बसवले, अल्सा पुन्हा बसवले; काही फरक पडला नाही.

उत्तर : पुढे आणखी काही काढण्याआधी थांबा. पल्सऑडिओ काढताना त्याच्यावर अवलंबून असलेली डेस्कटॉपची इतर पॅकेजेही निघून जाऊ शकतात, आणि मग आवाजाबरोबर निम्मा डेस्कटॉपही हरवतो. शिवाय तुमच्या लॅपटॉपवर पल्सऑडिओ चालतच नसण्याचीही दाट शक्यता आहे.

लिनक्समधला आवाज थरांनी बनलेला आहे. सर्वांत खाली कर्नलमधला अल्सा. साउंड कार्डशी प्रत्यक्ष बोलणारे ड्रायव्हर तेथे असतात. त्याच्यावर एक ध्वनी सर्व्हर असतो. अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळणे आणि हेडफोन, स्पीकर, एचडीएमआय यांच्यात वाटून देणे, ही त्याची कामे. बरीच वर्षे हा सर्व्हर म्हणजे पल्सऑडिओ होता. २०२१ साली फेडोरा ३४ ने आणि २०२२ साली उबंटू २२.१० ने त्याच्या जागी पाइपवायर आणला. पाइपवायर जुन्या प्रोग्रॅमांशी पल्सऑडिओच्याच भाषेत बोलतो, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला बदल कळत नाही. 'पी-ए-सी-टी-एल' कमांडपुढे 'इन्फो' लिहा; 'सर्व्हर नेम'च्या ओळीत 'पल्सऑडिओ ऑन पाइपवायर' असे दिसले, तर पल्सऑडिओविषयीच्या जुन्या सूचना तुमच्यासाठी नाहीत.

'डमी आउटपुट' याचा अर्थ एवढाच, की सर्व्हर चालू आहे पण त्याला खाली एकही कार्ड सापडलेले नाही. म्हणून दोष वरच्या थरात आहे की खालच्या, ते आधी ठरवा. 'ए-पी-एल-ए-वाय' कमांडपुढे डॅश आणि 'एल' द्या. कार्डांची यादी आली, तर खालचा थर ठीक आहे. मग सर्व्हर पुन्हा सुरू करून पाहा. त्यासाठी 'सिस्टिमसीटीएल' पुढे दोन डॅश देऊन 'यूजर', मग 'रीस्टार्ट' आणि त्यानंतर 'पाइपवायर', 'पाइपवायर-पल्स', 'वायरप्लंबर' (पाइपवायरच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) ही तीन नावे लिहा. या कमांडला सुडो लावू नये : हा सर्व्हर तुमच्या खात्यात चालतो, प्रशासकाच्या खात्यात नव्हे, आणि सुडो लावल्यास तुमच्या सर्व्हरपर्यंत ती पोहोचतच नाही.

यादीऐवजी 'नो साउंडकार्ड्स फाउंड' असे उत्तर आले, तर वरच्या थरात कितीही पॅकेजे बदलली तरी उपयोग नाही, कारण दोष कर्नलजवळ आहे. इंटेल प्रोसेसरच्या अलीकडच्या लॅपटॉपांत त्याचे एक कारण वारंवार आढळते. पूर्वी अशा लॅपटॉपांचा आवाज 'एचडीए' या सरळ मार्गाने जात असे आणि त्याला वेगळे फर्मवेअर लागत नसे. पुढे स्क्रीनच्या कडेत डिजिटल मायक्रोफोन बसवायला सुरुवात झाली, ते प्रोसेसरच्या जोडीच्या ध्वनी डीएसपीला (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागाला) जोडले गेले, आणि त्या डीएसपीला चालवायला फर्मवेअर आवश्यक झाले. यासाठीचा मुक्त प्रकल्प म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, संक्षेपाने एसओएफ. त्याच्या फाइल डिस्कवर नसतील, तर ड्रायव्हर अर्ध्यावर थांबतो आणि कार्ड तयारच होत नाही. कर्नलच्या नोंदीत 'एसओएफ-ऑडिओ-पीसीआय' ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा; तेथेही शेवटी उणे दोन दिसेल. डेबियनमध्ये 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड', फेडोरात 'अल्सा-एसओएफ-फर्मवेअर' आणि आर्चमध्ये 'एसओएफ-फर्मवेअर' हे पॅकेज बसवा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

याच तक्रारीवर एक झटपट तोडगा सांगितला जातो : 'एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी' या मॉड्यूलाला 'डीएसपी_ड्रायव्हर' चे मूल्य १ द्यायचे, म्हणजे आवाज पुन्हा जुन्या एचडीए मार्गाने जातो. स्पीकर अनेकदा सुरू होतातही. पण डिजिटल मायक्रोफोन त्या मार्गावर नसतो, म्हणून आतला माइक कायमचा बंद राहतो, आणि दोन महिन्यांनी 'माइक का चालत नाही' म्हणून वेगळा शोध सुरू होतो. निदान पक्के करण्यापुरता हा उपाय वापरावा. कायमचा उपाय फर्मवेअर हाच.

प्रश्न : हेडफोनमध्ये उत्तम आवाज येतो, परंतु लॅपटॉपचे स्पीकर पूर्ण शांत आहेत. सेटिंगमध्ये आवाज शंभर टक्के दाखवतो.

उत्तर : हेडफोन चालतात, म्हणजे कार्ड, ड्रायव्हर आणि सर्व्हर तिन्ही जागेवर आहेत. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडा. सुरुवातीला एकच उभा स्तंभ दिसेल, कारण ते सर्व्हरचे दृश्य असते. एफ६ दाबून यादीतून प्रत्यक्ष कार्ड निवडा. आता मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम असे अनेक स्तंभ शेजारी-शेजारी दिसतील. प्रत्येक स्तंभाच्या पायाशी एक चौकोन असतो. त्यात दोन शून्ये असतील तर ती वाट उघडी आहे, 'एमएम' असेल तर ती बंद आहे. स्तंभ वरपर्यंत भरलेला असूनही खाली 'एमएम' असू शकते, आणि मग शंभर टक्क्यांवरही आवाज येत नाही. डाव्या-उजव्या बाणाने स्पीकरच्या स्तंभावर जा आणि 'एम' ही की दाबा. सगळ्यांत उजवीकडे 'ऑटो-म्यूट मोड' असा रकाना असेल, तर तो 'डिसेबल्ड' करून पाहा. हेडफोनच्या सॉकेटमधला सेन्सर अडकला असेल, तर हेडफोन काढल्यावरही ते जोडलेलेच आहेत असे समजून प्रणाली स्पीकर बंद ठेवते. बदल टिकावेत म्हणून 'सुडो अल्साकंट्रोल स्टोअर' द्यावे. या कमांडचे स्पेलिंग 'ए-एल-एस-ए-सी-टी-एल' असे आहे.

इतके करूनही स्पीकर शांत राहिले आणि लॅपटॉप अगदी नवा असेल, तर स्पीकरजवळ स्वतंत्र स्मार्ट ॲम्प्लिफायर चिप असू शकते; सिरस लॉजिकची सीएस३५एल४१ ही अशीच एक चिप आहे. हेडफोनचा मार्ग तिच्यातून जात नाही, म्हणून फक्त स्पीकर गप्प राहतात. अशा चिपेला स्वतःचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर लागते, त्यामुळे येथे मिक्सरशी झटापट करण्यात अर्थ नाही. नवा कर्नल आणि नवे फर्मवेअर पॅकेज घ्यावे.

टीव्ही किंवा मॉनिटर जोडल्यावर आवाज तिकडे निघून जात असेल, तर 'पीएव्हीयूकंट्रोल' हा लहान प्रोग्रॅम बसवा आणि त्याच्या 'कॉन्फिगरेशन' पानावर एचडीएमआय कार्डाचे प्रोफाइल 'ऑफ' करा.

प्रश्न : वायफाय जोडले जाते, पण मध्येच संथ होते आणि काही वेळा तुटते. फोनवर त्याच खोलीत तेच नेटवर्क व्यवस्थित चालते.

उत्तर : वीज वाचवण्यासाठी वायफाय चिप मधूनमधून झोपते. काही चिप-ड्रायव्हर जोड्यांना हे झोपणे-उठणे मानवत नाही. 'आय-डब्ल्यू' या कमांडने ते तात्पुरते बंद करता येते : तिच्यापुढे 'डेव्ह', मग तुमच्या वायफाय कार्डाला प्रणालीने दिलेले नाव (नेटवर्कचे नाव नव्हे) आणि शेवटी 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ' असे, सुडो लावून द्या. दिवसभर फरक पडतो का, ते पाहा. फरक पडला, तर नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमधल्या फाइलीत 'वायफाय.पॉवरसेव्ह' चे मूल्य २ करा. उबंटूत ही फाइल आधीच असते आणि तिच्यात ३ लिहिलेले असते. येथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू, हे लक्षात ठेवा. ० आणि १ असावेत अशी अपेक्षा करून अनेकांची फसगत होते. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

त्याने काहीच फरक न पडल्यास राउटरकडे वळा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ब्लूटूथही बोलत असते, त्यामुळे ब्लूटूथ हेडफोन लावल्यावरच वायफाय मंदावत असेल, तर ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क वापरा. ते नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नसेल, तर राउटरवर त्याचे चॅनेल ३६ ते ४८ यांपैकी ठेवून पाहा. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला वाट द्यावी लागते, म्हणून तेथे लॅपटॉप स्वतः साद न घालता फक्त ऐकत राहतो आणि नेटवर्क उशिरा सापडते किंवा सापडत नाही.

प्रश्न : गाणे थांबल्यावर काही सेकंदांनी स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. स्पीकर खराब होत आहेत का?

उत्तर : नाही. साउंड चिप झोपताना आणि उठताना तो आवाज होतो. 'एसएनडी_एचडीए_इंटेल' या मॉड्यूलाचे 'पॉवर_सेव्ह' मूल्य ० केले की चिप जागी राहते. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम वापरत असाल, तर तो हे मूल्य पुन्हा बदलतो. त्यामुळे बदल त्याच्याच सेटिंगमध्ये करावा.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर संगीत उत्तम ऐकू येते, पण ऑनलाइन बैठक सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हा लिनक्सचा दोष आहे का?

उत्तर : ही नेहमीच्या ब्लूटूथची मर्यादा आहे. संगीतासाठीचे ए२डीपी प्रोफाइल एकाच दिशेने आवाज नेते आणि त्यात माइक नसतो. बैठकीच्या प्रोग्रॅमने माइक मागितला, की वायरप्लंबर हेडफोनला एचएफपी या दुहेरी प्रोफाइलवर नेतो. त्यात आवाज एकाच चॅनेलचा होतो आणि नमुने सेकंदाला आठ हजार, किंवा दोन्ही बाजूंना एमएसबीसी ही आवाज दाबून पाठवण्याची पद्धत चालत असेल तर सोळा हजार घेतले जातात. सीडीवर ते ४४,१०० असतात. ऐकणे चांगले हवे असेल, तर बैठकीच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा आतला माइक निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा. हेडफोनचा माइक कोणी मागितला नाही, की तो ए२डीपीवरच राहतो. तरीही तो बदलत असेल, तर बैठक सुरू झाल्यावर पीएव्हीयूकंट्रोलच्या 'कॉन्फिगरेशन' पानावर हेडफोनचे प्रोफाइल हाताने ए२डीपी करा आणि 'रेकॉर्डिंग' पानावर तो प्रोग्रॅम नक्की कोणता माइक ऐकत आहे, ते तपासा.